मामांचा लॅपटॉप पुसला आणि त्यातली मराठीपण पुसली गेली

यंदा भाऊबीजेला आईला घेऊन साताऱ्याला मामांकडे गेलो होतो. फराळाच्या प्लेटा अजून उचलल्या पण नव्हत्या तेवढ्यात मामांनी लॅपटॉप आणून समोर ठेवला. "जरा बघ रे, आता तर उघडायलाच तयार नाही." प्रत्येक घरात एक जण असतो ना, ज्याला सगळे 'ह्याला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणतात, आमच्याकडे तो मी. मामा हायस्कूलला मराठी शिकवायचे, रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, आणि ह्या लॅपटॉपवर त्यांची तीन कामं चालतात: पेन्शनचं आणि बँकेचं बघणं, माजी शिक्षकांच्या मंडळाचा पत्रव्यवहार, आणि लेख लिहिणं. तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि माझ्या नेमकं तेच लक्षात आलं नाही. पुढचा सगळा घोळ त्यामुळेच झाला.

मशीन २०१५ सालचं. पाचव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबीची जुनी फिरणारी हार्ड डिस्क, मिनिटाला ५४०० फेऱ्यांची. घेताना 'डॉसवाला' घेतलेला, म्हणजे चार-पाच हजार वाचतात म्हणून विंडोज नसलेला, आणि मग दुकानदारानेच 'टाकून देतो की सर' म्हणून फुकटचं विंडोज टाकून दिलेलं. त्यावेळी निम्म्या महाराष्ट्राने लॅपटॉप असेच घेतले. मधे कधीतरी कुणीतरी त्यावर विंडोज १० चढवलं, तेही तसंच क्रॅक केलेलं. चालू केला की डेस्कटॉप दिसायला सहा-सात मिनिटं, ब्राउझर उघडायला अजून दोन, आणि ब्राउझर उघडला की सर्चच्या जागी कुठलंतरी भलतंच पान. मामी म्हणाल्या, "ह्यांनी बटण दाबून आंघोळीला जायचं आणि परत येऊन बसायचं, असं चाललंय वर्षभर."

आधी डिस्कची तब्येत बघितली. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटंसं फुकट सॉफ्टवेअर आहे, डिस्क स्वतःबद्दल जी नोंद ठेवते ती ते दाखवतं, आणि त्यात दोनच ओळी मी आधी बघतो: किती सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, बाद करून दुसरीकडे हलवले, आणि किती सेक्टर 'पेंडिंग' आहेत, म्हणजे वाचता येत नाहीयेत पण अजून बाद ठरवलेले नाहीत. इथे २४ पेंडिंग होते आणि वर पिवळा रंग. म्हणजे नुसतं फॉरमॅट मारून भागणार नव्हतं, डिस्कच बदलायला पाहिजे होती. लोक म्हणतात रॅम वाढवा, पण दहा वर्षांच्या लॅपटॉपला पैसे घालायचेच असतील तर पहिले एसएसडीला, म्हणजे आत काही न फिरणाऱ्या वेगवान डिस्कला, घालावेत, रॅमचं नंतर बघता येतं.

मग प्रश्न आला काय टाकायचं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे दिवाळीच्या आदल्याच आठवड्यात. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, हा बसला पाचव्या पिढीवर. जुगाड करून चढवता येतं, मला माहितीय, पण सत्तरीच्या जवळ आलेल्या माणसाच्या बँकेच्या मशीनवर जुगाड नको. विंडोज १० लाच अजून एक वर्ष अपडेट मिळवायची सोय होती, पण ती ज्यांचं विंडोज खरं आहे त्यांच्यासाठी. ह्या लॅपटॉपला लायसन्स कधी नव्हतंच. विंडोजसकट विकत घेतलेल्या लॅपटॉपमध्ये विंडोज ८ पासून पुढे लायसन्सची की मदरबोर्डच्या चिपमध्येच असते, डिस्क बदला, पुसा, काही करा, परत तेच एडिशन टाकलं की आपोआप ॲक्टिव्हेट होतं. डॉसवाल्यात तसलं काही नसतं. म्हणून विंडोजच्या जागी चालणारी फुकटची सिस्टिम, लिनक्स मिंट, ठरवली, २२.२, एक्सएफसीई नावाचं हलकं एडिशन, कारण ते ४ जीबीत आरामात चालतं आणि २०२९ पर्यंत अपडेट येत राहणार. मामांना विचारलं तर म्हणाले, "मला टाइप करता आलं पाहिजे आणि बँक उघडली पाहिजे, बाकी तू काहीही टाक." टाइप करता आलं पाहिजे, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. मी ऐकलं पण मनात घेतलं ते 'टायपिंगचं काहीतरी सॉफ्टवेअर असेल त्यात' एवढंच.

दुसऱ्या दिवशी पोवई नाक्याजवळून २४० जीबीची एसएसडी आणली, सतराशेला पडली, आणि बॅकअपला बसलो. विंडोजमधे व्हायरस, त्यात डिस्क अर्धमेली, म्हणून विंडोज सुरूच केलं नाही. पेन ड्राइव्हवर मिंट लिहिलं आणि लॅपटॉप त्याच्यावर चालू केला, लाइव्ह, काही इन्स्टॉल न करता. जुन्या डिस्कमधला मामांचा यूजर फोल्डर अख्खा माझ्या ५०० जीबीच्या पोर्टेबल डिस्कवर कॉपी केला, लपलेला ॲपडेटा फोल्डर पण घेतला, खरंतर निवडत बसायचा कंटाळा आला म्हणून. मग डी ड्राइव्ह. त्यात 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २' आणि 'महत्त्वाचे नवीन' असे तीन. एकूण ६१ जीबी, त्यातले चार फोटो आणि एक व्हिडिओ खराब सेक्टरमुळे आले नाहीत. ब्राउझरमधे सेव्ह केलेले पासवर्ड विंडोज आपल्या कुलपात ठेवतं, फोल्डर नुसता कॉपी करून ते लिनक्समधे उघडत नाहीत, पण मामांचे सगळे पासवर्ड एलआयसीच्या डायरीत शाईने लिहिलेले होते त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. सी ड्राइव्हवरचा विंडोज नावाचा फोल्डर सोडून दिला. मनात म्हणलं पण, हा सगळा सिस्टिमचा कचरा, ह्यात मामांचं काय असणार.

लॅपटॉप उघडणं हे यूट्यूबवर दाखवतात त्यापेक्षा सोपं असतं आणि घरच्यांना वाटतं त्यापेक्षा अवघड. अकरा स्क्रू, त्यातले दोन रबराच्या बुडाखाली लपलेले, मग जुनं एटीएम कार्ड फटीत घालून कडेकडेने उचकटायचं. मामी दारात उभ्या राहून बघत होत्या आणि प्रत्येक 'टक' आवाजाला "मोडलं का?" विचारत होत्या. डिस्क काढली, तिची पत्र्याची चौकट एसएसडीला चढवली, परत बसवली, वीस मिनिटांचं काम.

इन्स्टॉल करताना दोन ठिकाणी अडलो. एक म्हणजे बायोस, लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालतं ते, 'लेगसी'वर म्हणजे जुन्या पद्धतीवर ठेवलेलं होतं, जुनं क्रॅक विंडोज तसंच टाकलेलं असणार. ते युईएफआयवर म्हणजे नव्या पद्धतीवर केलं, फास्ट बूट बंद केलं, तेव्हा कुठे इन्स्टॉल नीट मार्गी लागलं. नवी डिस्क कोरीच होती म्हणून 'डिस्क पुसून मिंट टाका' हाच पर्याय निवडला, पार्टिशनच्या भानगडीत पडलो नाही, पंधरा-वीस मिनिटांत झालं. दुसरं वायफाय. राउटरच्या शेजारी बसलं तर फुल दांड्या, बाहेरच्या खोलीत गेलं की गायब. मला वाटलं उघडताना मीच तार तोडली. तसं नव्हतं, त्या काळातल्या काही स्वस्त वायफाय चिपांना दोन अँटेनांची सोय असते पण कंपनी तार एकच जोडते, आणि लिनक्सचा ड्रायव्हर नेमका तार नसलेल्या टोकावर ऐकत बसतो. ड्रायव्हरला एका ओळीत सांगावं लागतं की बाबा ते नाही, दुसरं टोक. ती ओळ शोधेपर्यंत फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरलं, मिंटमधे ते काहीही न करता चालतं, आडगावी इन्स्टॉल करताना हे लक्षात असू द्या.

संध्याकाळी सहा वाजता लॅपटॉप सव्वीस सेकंदात चालू झाला. मामांनी तीनदा बंद करून तीनदा चालू करून बघितला. बँक उघडली, पेन्शनची पावती डाउनलोड झाली, ते चार सोडून फोटो सगळे होते, नातीचा बारशाचा व्हिडिओ लागला. प्रिंटर चालला नाही, तो झेरॉक्सवाल्याकडे असतो तसला छोटा पांढरा लेझर, लिनक्सबरोबर त्याचं जमत नाही हे जुनं दुखणं आहे, त्यावर मामा म्हणाले "असू दे, कोपऱ्यावर दोन रुपयात मिळतं." मामींनी मसालेभात केला होता. मी एकदम फॉर्मात.

आणि फॉर्मात असतानाच माणूस माती खातो. जेवताना मामांनी विचारलं, "त्या जुन्या डिस्कचं काय? भंगारवाल्याला दिली तर त्यात माझं आधार, पॅन, पासबुक सगळं आहे." प्रश्न बरोबर होता. साधं क्विक फॉरमॅट मारलं तर डेटा पुसला जात नाही, नुसती अनुक्रमणिका फाडली जाते, पुस्तकाची पानं तिथेच असतात, आणि फोटोरेकसारखं फुकट सॉफ्टवेअर लावून कुणीही काही तासांत फोटो आणि पीडीएफ बाहेर काढू शकतं. फिरणाऱ्या डिस्कवर पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत एकदा शून्य लिहिली की बास होतं, ३५ वेळा लिहायची वगैरे गोष्ट १९९० च्या दशकातल्या डिस्कांसाठी होती. (एसएसडीला हा प्रकार लावू नका, ती आतल्या आत जागा बदलत असते, तिच्यासाठी तिची स्वतःची इरेज कमांड असते.) तर यूएसबीच्या अडॅप्टरला जुनी डिस्क लावली, दोन्ही डिस्कांचे आकडे बघितले, एक २२३ जीबी, एक ९३१ जीबी, म्हणजे पुसायची कुठली हे दोनदा खात्री करून घेतलं, मोठ्या शहाणपणाने, आणि एंटर दाबलं. रात्री पावणेदहाला लावलेलं दीड वाजता संपलं. गंमत म्हणजे पुसून झाल्यावर पेंडिंग सेक्टर शून्य दाखवायला लागले, कारण त्या सेक्टरवर नवीन काही लिहिलं गेलं की डिस्क एकतर ते मार्गी लावते नाहीतर दुसरीकडे हलवते. मेलेली डिस्क एकदम तरतरीत.

सकाळी सात वाजता मामांनी उठवलं. आवाजात राग नव्हता, शाळेत पोरगं भलत्याच पानावरचं वाचायला लागल्यावर येतो तसला आवाज. "अरे, हे काय लिहिलंय ते जरा वाचून दाखव."

स्क्रीनवर त्यांचा लेख होता. मंडळाच्या स्मरणिकेसाठी लिहिलेला, सह्याद्रीतल्या शाळांच्या आठवणी. आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत इंग्रजी अक्षरं, मधेच कंस, मधेच टक्क्याचं चिन्ह, मधेच डॉलर, खाली सगळीकडे स्पेलिंगच्या लाल रेघा. पुढची फाइल तशीच. त्याच्या पुढची पण. 'लेख' नावाच्या फोल्डरमधे ३१८ फाइली होत्या, २०१५ पासूनच्या, आणि काही तर त्याच्याही आधीच्या, शाळेच्या कॉम्प्युटरवरून सीडीत आणलेल्या.

ज्यांनी २०१० च्या आधी मराठी टाइप केलंय त्यांना एव्हाना कळलं असेल. जुने फॉन्ट, म्हणजे शिवाजी, किरण, श्रीलिपीचे सगळे, सरकारी हापिसात चालायचा तो सुरेख, ह्यात मराठी नसतंच. आत साठवलेलं असतं इंग्रजीच, फॉन्ट फक्त त्या इंग्रजी अक्षराच्या जागी देवनागरीचा तुकडा काढून दाखवतो, एका कीला अर्धा क, दुसऱ्या कीला काना, तिसऱ्या कीला वेलांटी. फॉन्ट आहे तोवर लेख आहे. युनिकोड, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र नंबर देणारी पद्धत, तिच्यात १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे नंबर आहेत आणि विंडोज २००० पासून ते चालतंही, पण टायपिंग शिकवणारे क्लास, डीटीपीवाले आणि शाळा पुढची दहा-पंधरा वर्षं जुन्यावरच होत्या, आणि बरेच जण आजही आहेत. मामांचा दोष शून्य. त्यांना दुकानदाराने फॉन्ट टाकून दिले, ते लिहीत राहिले.

आणि ते फॉन्ट कुठे होते? सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. म्हणजे त्या 'कचऱ्यात'. अख्खा फोल्डर घेतला असता तरी एक जीबी भरला नसता.

पहिल्यांदा डोक्यात आलं रिकव्हरी. मग आठवलं की रात्री मीच पावणेचार तास शून्यं लिहिली होती. आळशीपणाने क्विक फॉरमॅट मारलं असतं तर फॉन्ट काही तासांत परत मिळाले असते. काम व्यवस्थित केल्याचा इतका पश्चात्ताप मला आधी कधी झालेला नाही. आणि अजून एक चुटपुट: अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, घ्यायचा विचार मी आदल्या दिवशी केला होता पण '१ टीबीची इमेज ५०० जीबीत कशी मावणार' म्हणून सोडला. क्लोनझिला हे इमेज घ्यायचं सॉफ्टवेअर फक्त वापरलेल्या ब्लॉकची कॉपी घेतं, रिकामी जागा सोडून देतं, मामांच्या डिस्कवर वापरलेलं सगळं मिळून दीडशे जीबी पण नव्हतं. आरामात मावली असती. हे मला माहीत होतं, म्हणजे वाचलेलं होतं, त्या क्षणी आठवलं नाही.

चहा घेऊन शांतपणे बसलो. आधी नेमके कुठले फॉन्ट गेलेत ते काढायचं होतं. लिबरऑफिसमधे, म्हणजे मिंटबरोबर येणाऱ्या वर्डसारख्या सॉफ्टवेअरमधे, फाइल उघडली की वरच्या खोक्यात फॉन्टचं नाव येतं, आणि तो मशीनवर नसेल तर ते नाव तिरक्या अक्षरात दिसतं, एवढी बारीक सोय आहे. ३१८ फाइली एकेक उघडत कोण बसणार, म्हणून सगळ्यांमधून फॉन्टची नावं उपसणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली. निघाले तीन: एक शिवाजी जातीचा, दोन श्रीलिपीचे. बाकी नेहमीचे.

आता नशीबाचा भाग. विंडोज १० च्या २०१८ नंतरच्या आवृत्त्यांमधे फॉन्टवर डबल क्लिक करून नुसतं इन्स्टॉल म्हणलं की तो सगळ्यांसाठी न बसता त्या यूजरपुरता बसतो, आणि फाइल जाते ॲपडेटामधे. तोच ॲपडेटा जो मी कंटाळा करून अख्खा उचलला होता. त्यात शिवाजी सापडला, कुणा विद्यार्थ्याने अलीकडे कधीतरी मामांना परत टाकून दिला असणार. मिंटमधे त्यावर डबल क्लिक केलं आणि साधारण १४० फाइली जागच्या जागी मराठी झाल्या. मामांनी एक लेख मोठ्याने वाचायला घेतला, तिसऱ्या ओळीला मीच म्हणलं, मामा, अजून पावणेदोनशे राहिल्यात.

श्रीलिपीचं पॅकेज विकतचं, डोंगल लावून चालणारं, त्याचे फॉन्ट इकडून तिकडून उतरवून घेणं मला बरं वाटेना. काही लेखांच्या पीडीएफ मामांनी मेलने मंडळाला पाठवल्या होत्या आणि त्या मात्र झकास दिसत होत्या, कारण पीडीएफ बनवताना लागणारी अक्षरं फॉन्टमधून उचलून आतच ठेवली जातात. पण त्यातून मजकूर कॉपी केला की परत तेच डॉलर आणि कंस. शेवटी राजवाड्याकडे एक डीटीपीवाले आहेत, लग्नपत्रिकांचं काम करतात, त्यांच्याकडे श्रीलिपी रीतसर घेतलेलं. फाइली पेन ड्राइव्हवर दिल्या, त्यांनी दोन दिवसांत सगळ्या युनिकोडमधे करून दिल्या. पैसे विचारले तर म्हणाले, "सरांनी मला नववीला शिकवलंय." मामांनी तरी पाचशे ठेवले.

काम झालं असं मला वाटलं. मामांना नाही वाटलं. जुन्या फॉन्टमधे अक्षर जसं दिसतं त्या क्रमाने टाइप होतं, म्हणजे 'कि' लिहायचं तर आधी वेलांटी मग क, आणि 'सूर्य' मधला रफार य च्या नंतर. युनिकोडमधे उच्चाराच्या क्रमाने, आधी क मग वेलांटी, आधी र् मग य. कन्व्हर्टरला ही सगळी उचलठेव करावी लागते, आणि शंभरात एखाद्या ठिकाणी ती चुकते, वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. ते दिसतं तरी. पण आपल्या मराठीचा खास असा जो आडवा अर्धा र आहे, 'ऱ्य' मधला, त्याचा बऱ्याच कन्व्हर्टरमधे रफार होऊन जातो आणि ते शब्द वरवर बरोबर दिसतात. मामांच्या लेखात 'सह्याद्रीच्या दऱ्या' चं 'सह्याद्रीच्या दर्या' झालं होतं. डोंगराचा समुद्र. आणि पुढच्या पानावर शाळेच्या सहलीत स्वयंपाक करणाऱ्या 'आचाऱ्यांनी पिठलं केलं' चं 'आचार्यांनी पिठलं केलं'. मामा हसून हसून लाल. "विनोबांना लावलं रे पिठलं करायला." मग मी सगळ्या फाइलींमधे रफारवाला य शोधून यादी काढली, सूर्य, कार्य, आचार्य, पर्याय असे खरे शब्द बाजूला ठेवले, आणि उरलेले मामांनी एकेक बघून बरोबर केले. दोनदा मी म्हणलं की हे आपोआप करता येईल, दोन्हीवेळा नजरेनेच गप्प केलं.

शिवाजीच्या फाइली तशाच जुन्या फॉन्टमधे राहू दिल्या आणि तिथे एक वेगळीच मजा झाली. लिबरऑफिसला वाक्याचं पहिलं अक्षर आपोआप कॅपिटल करायची सवय, आणि शिवाजीमधे कॅपिटल अक्षर म्हणजे दुसराच तुकडा. मामा नवीन परिच्छेद सुरू करायचे आणि स्पेस दाबली की पहिलं अक्षर बदलून जायचं. दोन दिवस त्यांना वाटत होतं आपलंच बोट चुकतंय. ऑटोकरेक्ट बंद केलं. नवीन लिहायला मात्र युनिकोडच, हे मी अडून बसून करून घेतलं. फोनेटिक दाखवलं तर मामा म्हणाले मराठी लिहायला इंग्रजी स्पेलिंग कशाला आठवू, मुद्दा बिनतोड होता, म्हणून इन्स्क्रिप्ट दिलं: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. कीबोर्डचा तक्ता छापून भिंतीवर चिकटवला. तीन आठवडे शिव्या, चौथ्या आठवड्यात मंडळाचं पत्र.

ह्यानंतर ऑफिसमधल्या एकाच्या वडिलांचा लॅपटॉप माझ्याकडे आला, किराणा होलसेलचं दुकान, तसलाच दहा वर्षांचा. ह्यावेळी पेन ड्राइव्ह खिशातून काढलाच नाही. काकांना म्हणलं, तुम्ही रोज सकाळी आल्यावर काय काय करता ते माझ्यासमोर करा, मी नुसता बघतो. त्यांनी टॅली उघडलं. डेटा कुठे साठतो ते विचारलं तर त्यांना माहीत नव्हतं, पोराला माहीत नव्हतं, बघितलं तर सरळ सी ड्राइव्हच्या तोंडाशीच एका फोल्डरमधे, यूजर फोल्डरच्या बाहेर. मी माझ्या सवयीने कॉपी केलं असतं तर आठ वर्षांचा हिशोब गेला असता. जीएसटीच्या डिजिटल सहीची यूएसबी की, तिचा ड्रायव्हर, बिलाच्या प्रिंटरचं सेटिंग, असं करत वहीच्या दीड पानांची यादी झाली. क्लोनझिलाने इमेज घेतली, डिस्क नवीन टाकली, आणि जुनी डिस्क त्यांच्याच कपाटात, वर चिकटपट्टीवर तारीख: 'मार्च संपेपर्यंत पुसू नये'. मार्च का, तर वर्षअखेर एकदा पार पडली की जे काही लागायचं ते लागून जातं.

मामांच्या स्मरणिकेचं राहिलं. लेख युनिकोडमधे आले, तपासून झाले, मामांनी त्यात आणखी बेचाळीस दुरुस्त्या केल्या, कारण मास्तरांना दुरुस्तीशिवाय झोप येत नाही, आणि आम्ही दोघं पेन ड्राइव्ह घेऊन छापखान्यात गेलो. ऑपरेटरने फाइल त्याच्या सॉफ्टवेअरमधे टाकली. चौकोन. ओळीच्या ओळी चौकोन. तो पेजमेकर ७ ह्या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्याची ही शेवटची मोठी आवृत्ती आली २००१ साली, युनिकोड त्याला कळतच नाही, आणि त्याचे सगळे साचे, बॉर्डरी, जुन्या स्मरणिका, सगळं त्यातच. सोडवत नाही म्हणाला. मी समजावून सांगायला लागलो की आता सगळीकडे युनिकोड आहे, हे पुढे कधीही उघडेल, शोधता येईल, मेलमधे जाईल. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, पानाचा तोबरा बाहेर टाकून आला आणि मामांना म्हणाला:

"सर, ती जुनी श्रीलिपीची फाइल आहे ना तुमच्याकडे? का पुसलीत?"

मामांनी माझ्याकडे बघितलं.